साळुंक्यांचा बुरूज

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. जिने मला ती सांगितली, तिने आधी दाराची कडी लावली, मग खिडकीही ओढून घेतली आणि मगच तोंड उघडले. शेवटी माझा हात धरून म्हणाली, "ऐकलीस ना? आता विसर." मी विसरले नाही. म्हणून सांगते.

एका राज्यात मुलींचे प्रश्न काढून घेत असत.

मुलगी सात वर्षांची झाली, की तिला न्हाऊ घालत, नवे परकर-पोलके नेसवत आणि पाटावर बसवत. राजाचा पक्षीवाला येई आणि तिच्या खांद्यावर एक साळुंकी ठेवी. मुलीने एक प्रश्न विचारायचा, मनात येईल तो. साळुंकी तो प्रश्न गिळी आणि उडून जाई. त्यानंतर त्या मुलीला बोलता येई, गाता येई, हो म्हणता येई. विचारता मात्र काहीच येत नसे. जीभ प्रश्नाच्या उंबऱ्यापर्यंत जाई आणि परत फिरे. त्या दिवसाला मौनमंगळ म्हणत. घरात गुळाची पोळी होई. कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेच, तर चुलीचा धूर झाला म्हणत.

ही रीत फार जुनी होती. पूर्वीच्या एका राजाला त्याच्या राणीने भरल्या दरबारात विचारले होते, "महाराज, लढाईला गेले त्यांतले परत किती आले?" राजाला ते ठाऊक नव्हते. त्याला फार लाज वाटली. तेव्हा कालंजय नावाचा जादूगार पुढे आला आणि म्हणाला, "महाराज, पुन्हा अशी लाज वाटणार नाही, अशी व्यवस्था मी करतो."

त्याने नगराच्या दक्षिणेला काळ्या दगडाचा उंच बुरूज उभा केला. राज्यातल्या सगळ्या साळुंक्या त्यात राहू लागल्या. त्या सोन्याची अंडी घालत. अंडी राजाच्या खजिन्यात जात. राजे बदलले, खजिना वाढत गेला, आणि राज्य मात्र वाळत गेले. पूल पडला, की पडलेलाच राही. बी रुजले नाही, की पुढच्या वर्षी तेच बी पेरत. बाळंतिणी मरत आणि सुइणी गप्प हात धूत. जिला प्रश्न नाही तिची साक्ष नाही, असा कायदाच होता.

मग त्या राज्यात निळी झोप आली.

मूल रात्री नीट झोपे. सकाळी त्याची नखे निळी झालेली असत आणि ते उठत नसे. निळाई बोटांवरून मनगटावर, मनगटावरून कोपरावर चढे. ती छातीपर्यंत पोचली, की मूल जाई. राजवैद्यांनी जाहीर केले, की ही झोप आईच्या पापाने येते. त्यामुळे ज्या घरात ती येई, त्या घरातली आई दार लावून घेई. मूल पहाटे गुपचूप पुरत आणि चुलत्यामालत्यांना सांगत, की ते मामाकडे गेले आहे. त्या वर्षी राज्यातली पुष्कळ मुले मामाकडे गेली.

याच नगरात एक दोरखंड वळणारा राहत होता. त्याला दोन मुली होत्या. थोरली सावरी, सोळा वर्षांची. धाकटी ठकू. ठकूचे मौनमंगळ अजून व्हायचे होते, त्यामुळे घरातले सगळे प्रश्न तिचेच असत.

"ताई, मुंगी झोपते कधी? ताई, दोराला पीळ दिला तर त्याला दुखतं का? ताई, तुला काही विचारावंसं वाटत नाही का?"

"गप जेव," सावरी म्हणे. पण ठकूने बोलणे थांबवले, की घर तिला विहिरीच्या तळासारखे वाटे.

एके सकाळी ठकू उठली नाही. तिची नखे निळी होती.

वडिलांनी धावत जाऊन राजवैद्यांना आणले. वैद्यांनी वडिलांना विचारले, "काल मुलीने काय खाल्ले?"

"नेहमीचंच, वैद्यराज. मी पहाटेच कामाला गेलो होतो."

दाराआडून आई म्हणाली, "काल सकाळी तिनं शेळीचं..."

वैद्यांनी हात वर केला. "बाई, कायदा ठाऊक आहे ना?" आणि ते वडिलांना म्हणाले, "उद्या सूर्य उगवेपर्यंत आहे ती. सोन्यासारखी पोर. आईने काय केले, देव जाणे."

ते गेल्यावर आई भिंतीला टेकली. ठकूच्या ओठांशी कान नेऊन तिने श्वास ऐकला. तिला मुलीला काही विचारायचे होते. तिचे ओठ हलले आणि मिटले. पुन्हा हलले आणि पुन्हा मिटले. सावरीने ते पाहिले. तिने पदर खोचला आणि ती म्हणाली, "मी बुरुजावर जाते. माझा प्रश्न परत आणते."

"तिथून कोणी परत आलेलं नाही," आई म्हणाली.

"ठकूही येणार नाही, मी इथे बसले तर."

आईने दार अडवले नाही.

बुरुजाच्या दाराशी दगडाचा द्वारपाल होता. त्याचे फक्त तोंड जिवंत होते.

"थांब," तो म्हणाला. "प्रश्न विचारल्याशिवाय हे दार उघडत नाही. विचार."

"मला विचारता येत नाही."

"मग मला उघडता येत नाही. मिटला प्रश्न." आपल्याच विनोदावर तो हसला, तेव्हा त्याच्या गालाचा कपचा पडला.

सावरी पायरीवर बसली. द्वारपालाने तिला टोमणे मारले. "बस, बस. मागे एक अशीच बसली होती. लोकांनी तिला देवी समजून शेंदूर फासला." सावरी बसून राहिली. ऊन डोक्यावर आले. द्वारपालाला सगळ्यांचे रडणे ठाऊक होते, शिव्याही ठाऊक होत्या. नुसते बसलेले माणूस त्याला ठाऊक नव्हते. शेवटी त्याला राहवेना.

"रडत नाहीस, ओरडत नाहीस, परतही जात नाहीस. अगं, तू आहेस तरी कोण?"

दार उघडले. प्रश्न विचारला गेला, एवढेच दाराला कळत होते. कोणी विचारला, हे कळत नव्हते.

"ठकूची बहीण," सावरीने सांगितले आणि ती आत गेली.

आत तळापासून छतापर्यंत साळुंक्या बसल्या होत्या आणि प्रत्येक जणी आपापला प्रश्न म्हणत होती. सगळे आवाज सात वर्षांच्या मुलींचे होते.

"पूल पडला तर दुसरा का नाही बांधत?"

"चांदणी विझते तेव्हा आवाज होतो का?"

"दादा जातो तिथं मी कधी जायचं?"

"आई, तू आमच्याबरोबर का जेवत नाहीस?"

एका कोपऱ्यातून सावरीला ओळखीचा आवाज आला. "नदीच्या पलीकडे कोण राहतं?" तो तिच्या आईचा होता. आई नदीच्या पलीकडे कधीच गेली नव्हती. सावरी तिथे थोडी थांबली.

स्वतःचा प्रश्न तिला आठवत नव्हता. इतक्या गलक्यात तो सापडायचा कसा, कोण जाणे. ती एकेका फळीखालून चालली. काही साळुंक्या इतरांहून फार मोठ्या होत्या, आणि त्यांचे डोळे माणसांसारखे होते. त्या काहीच म्हणत नव्हत्या. सावरीकडे पाहून मान वळवत. अगदी टोकाच्या फळीवर मात्र एक लहान साळुंकी गप्प बसून तिची वाट पाहत होती. सावरी जवळ गेली, तशी ती सावरीच्याच लहानपणीच्या आवाजात म्हणाली, "तुझं नाव काय?"

मौनमंगळाच्या दिवशी सगळ्या मुली आईला विचारत, बापाला विचारत. सावरी लाजाळू होती. तिने खांद्यावरच्या पाखरालाच विचारले होते. पाखराला नाव नव्हते, म्हणून ते नऊ वर्षे उत्तर शोधत बसले होते.

"तुझं नाव ठिपकी," सावरी म्हणाली.

साळुंकी तिच्या खांद्यावर येऊन बसली.

"छान नाव आहे," मागून कोणीतरी म्हणाले. कालंजय एका पाटीत सोन्याची अंडी पुसत बसला होता. तो दिसायला भयंकर नव्हता. दमून आलेल्या मामासारखा दिसत होता. "पाखरू ने, पोरी. पण रीत आहे. तुला तीन प्रश्न मिळतील. त्यांतल्या एकाचे जरी खरे उत्तर मिळाले, तरी पाखरू तुझे. नाही मिळाले, तर तू माझे पाखरू."

त्या मोठ्या साळुंक्या कोण होत्या, हे सावरीला तेव्हा समजले.

"मान्य," ती म्हणाली.

"सांभाळून विचार हो. मोठ्या माणसांना विचार. शहाण्या माणसांना." तो पुन्हा अंडी पुसू लागला. "सगळ्याजणी तसेच करतात."

सावरी तडक राजवैद्यांच्या घरी गेली. वैद्य पाट मांडून जेवत होते. तिच्या खांद्यावरचे पाखरू पाहून त्यांचा घास हातातच राहिला.

"वैद्यराज, निळी झोप कशाने येते?"

तिचा आवाज तिलाच परका वाटला. वैद्यांना उत्तर माहीत नव्हते, पण माहीत नाही असे ते कधी म्हणाले नव्हते.

"सांगितले ना. आईच्या पापाने."

सावरीच्या डाव्या हाताला पिसे फुटली.

ती राजवाड्यात गेली. राजा भद्रसेन खजिन्याच्या दालनात बसला होता. भिंतींना लागून सोन्याच्या अंड्यांच्या राशी होत्या. मागे चिकाचा पडदा होता आणि पडद्याआड राणी बसली होती. दरबारी म्हणाले, "पाहा, पाहा, पाखरूच पाखरू घेऊन आले!" सगळे हसले. राजा हसला नाही.

"महाराज, माझी बहीण कशी वाचेल?"

"आमचा राजपुत्र याच झोपेत गेला," राजा म्हणाला. "उपाय असता, तर एवढ्या सोन्याने आम्ही तो विकत घेतला नसता? वाचायचा मार्ग नाही, मुली. आम्ही मुलगा जाऊ दिला. तू बहीण जाऊ दे."

तो दुष्टपणाने बोलला नाही. पण उत्तर खोटे होते. सावरीच्या उजव्या हाताला पिसे फुटली. पडद्याआड एक बांगडी वाजली आणि थांबली.

आता एकच प्रश्न उरला. सावरी घरी आली, तेव्हा ऊन उतरले होते. ठकूची निळाई कोपराच्या वर गेली होती. वडील दोराच्या वेटोळ्यावर डोके धरून बसले होते.

"आता सेनापतींना विचार," ते म्हणाले. "नाहीतर देवळातल्या शास्त्रीबुवांना. कोणाला तरी ठाऊक असेलच की!"

आईने माठ कलता केला. ठकूचे ओठ ओले करायला माठात पाणी नव्हते. सावरीने घागर उचलली आणि ती विहिरीवर गेली.

विहिरीवर गल्लीतल्या बायका होत्या. निळी झोप आल्यापासून तिथली रीत बदलली होती. एकीची घागर दुसरीच्या घागरीला लागू द्यायची नाही, पाप लागते म्हणत. म्हणून त्या लांब लांब उभ्या राहत आणि बोलणे एवढेच होई: "ऊन फार आहे." "हो, फार आहे." सावरी आली, तेव्हा सगळ्यांनी तिचे पिसांचे हात पाहिले. कोणी काही विचारले नाही. विचारता येतच नव्हते.

सावरीने पोहरा सोडला. पिसांतून दोर सटकला. तिने पुन्हा धरला, पुन्हा सटकला. पोहरा तळाशी आपटला आणि सावरी तिथेच काठावर बसून रडू लागली.

गोजरा नावाची एक बाई पुढे आली. तिने रीत मोडून सावरीच्या घागरीला हात लावला आणि मुकाट्याने पाणी शेंदू लागली. सावरीने वर पाहिले. तिने काही ठरवले नव्हते. प्रश्न रडण्यातूनच बाहेर पडला.

"गोजराकाकू, तुमच्याही घरी असंच झालं होतं का?"

गोजरा जागच्या जागी उभी राहिली. पोहऱ्यातले पाणी तिच्या पायांवर सांडत राहिले. लग्न होऊन या गल्लीत आली तेव्हापासून तिला कोणी काही विचारले नव्हते.

"झालं होतं," ती म्हणाली. "माझा नागू. त्याची नखं निळी झाली होती. पण तो उठला."

बायकांनी माना वळवल्या.

"चुलीतला कोळसा सहाणेवर उगाळून मी पाण्यातून पाजला. विष पोटात गेलं, की माझी आई असंच करायची. रात्रभर थेंब थेंब घातला. पहाटे तो उठला." तिने तोंडावर पदर घेतला. "तुमची सगळ्यांची मुलं गेली आणि माझं राहिलं. हे सांगायला मला तोंड नव्हतं. आणि कोणी विचारलंही नाही."

ते उत्तर खरे होते. बुरुजातून परत आणलेल्या प्रश्नाला मिळालेले ते पहिलेच खरे उत्तर होते.

राजवाड्याच्या खजिन्यात एक अंडे तडकले. मग दुसरे, मग रासच्या रास. आवाज इतका मोठा होता, की विहिरीतले पाणी हलले. दक्षिणेकडून आभाळ काळे झाले. बुरुजावरून साळुंक्या सुटल्या होत्या. एकेक साळुंकी एकेका बाईच्या खांद्यावर येऊन बसली, कानाशी काही बोलली आणि उडून गेली.

सुरुवातीला कोणालाच जमेना. गंजलेली विळी बाहेर काढावी, तशा त्या अडखळत विचारू लागल्या.

"तुझ्या... तुझ्या मुलीनं आदल्या दिवशी काय घेतलं होतं?"

"दूध. शेळीचं."

"माझ्याही. तुझी शेळी कुठं चरते गं?"

"बुरुजाखाली. तिथं निळं गवत आलंय ना!"

"अगं, माझीही तिथंच चरायची. तू बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?"

इतकेच होते. बुरुजाखाली कोंडलेल्या पाखरांची विष्ठा पडे, त्यावर निळे गवत उगवे, ते शेळ्या खात. प्रत्येक आईला त्यातले थोडेथोडे ठाऊक होते. ते जुळायला एका सकाळचे बोलणे पुरले असते. एक बाई मटकन खाली बसली आणि जमिनीवर हात आपटू लागली. तिची तीन मुले मामाकडे गेली होती.

सावरी घरी धावली. तिच्या हातांवरची पिसे वाटेतच गळली. आईने चुलीतला कोळसा काढला, सहाण घेतली आणि उगाळायला बसली. गल्लीत घरोघरी तोच आवाज येत होता. पुढच्या आळीत केरू नावाचा एक मुलगा होता, त्याची निळाई खांद्यावर चढली होती. त्याच्या आईचा कोळसा उगाळून झाला, तेव्हा तो गेलेला होता. तिचा आवाज सगळ्यांनी ऐकला आणि कोणी हात थांबवला नाही.

थेंब थेंब करत निळाई कोपराखाली आली. मग मनगटाखाली. उजाडताना ठकूने डोळे उघडले. आई तिच्यावर वाकली. तिचे ओठ हलले आणि या वेळी मिटले नाहीत.

"कुठं दुखतंय का गं, बाळा?"

ठकू आईकडे बघतच राहिली. आईने कधी काही विचारलेले तिने ऐकले नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "पण तू पुन्हा विचार."

त्याच सकाळी राजवाड्यात राणी चिकाच्या पडद्याबाहेर आली. दालनभर सोनेरी टरफले पडली होती. ती राजासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आपल्या मुलाने आदल्या दिवशी काय प्यायले होते, ते मला ठाऊक होते. तुम्ही मला का विचारले नाही?"

राजाला फार लाज वाटली. पण त्या जुन्या राजासारखा त्याने लाजेवर जादूगार बोलावला नाही. त्याने मान खाली घातली आणि खाली घातलेल्या मानेनेच कायदा फिरवला. मौनमंगळ बंद झाले. बुरूज पाडला, गवत जाळले. बुरुजात कालंजय सापडला नाही. मोठ्या साळुंक्यांच्या जागी मात्र काही बायका बसलेल्या सापडल्या. त्यांना घरी पोचवले. काहींच्या घरी आता कोणी राहत नव्हते.

अंड्यांतून उत्तरे निघाली. एकातून पूल कसा टिकतो ते निघाले, एकातून कोणत्या रानात कोणते बी रुजते ते, एकातून बाळ आडवे आले तर सुइणीने काय करायचे ते. मुली शाळेत बसल्या, बायका सभेत बसल्या, सुईण वैद्यांशेजारी बसली आणि वैद्य तिला विचारू लागले. धान्याची पेवे भरली, मुले मोठी झाली. राज्य सावरले. पण पुष्कळ अंड्यांत काहीतरी वाळलेले होते, हाताला लागताच त्याची भुकटी होई. ती उत्तरे फार दिवस पडून राहिली होती.

आणि सगळ्या साळुंक्या परत गेल्या असे नाही. ज्यांच्या मुली म्हाताऱ्या होऊन मेल्या होत्या, त्या साळुंक्यांना खांदाच उरला नव्हता. त्या अजून फिरतात. राज्याच्या सीमा त्यांना कळत नाहीत. एखादी मुलगी खिडकीशी एकटी बसलेली दिसली, की त्या गजावर उतरतात आणि आपला जुना प्रश्न तिला देऊ पाहतात. आमच्या खिडकीच्या गजावरही गेले काही दिवस एक बसते. तिचा एक पंख पांढरा झाला आहे. आज ती अगदी जवळ सरकली, मान तिरकी केली आणि हळूच मला म्हणाली, की मुली, तू कधी

"आले, आई. दादाचं ताट ना? वाढते."